चोपड्याच्या उन्हाळ्यात मधमाश्या जगवताना : माझा अनुभव

मेलिफेराच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या युरोपीय मधमाशीच्या, पाच पेट्या शेतात उतरवल्या तेव्हा गावातला पहिला प्रश्न ठरलेला होता. "माशी चावस का रे भाऊ?" दुसरा प्रश्न बांधाशेजारच्या आप्पांचा, आणि तो जास्त नेमका होता. "केळीले माशी काय करी?"

आप्पांचं बरोबर होतं. आपली बागायती केळी परागीभवनाशिवायच फळ धरते, म्हणून तर तिच्यात बी नसतं. पण केळफुलात गोड रस भरपूर असतो आणि बागेत सावली असते. त्या सावलीचं मोल मला मे महिन्यात कळलं, दोन पेट्या गमावल्यावर.

त्याआधी फेब्रुवारीतच एक धडा मिळाला होता. जास्तीच्या मधकोठ्या, म्हणजे मध साठवायला पेटीवर चढवायचे कप्पे, मी गावातल्या सुताराकडून करून घेतल्या. काम सुबक होतं, पण पोळं धरणारी लाकडी चौकट आणि कोठीची भिंत यांच्यात दीड-दोन सेंटिमीटर जागा राहिली. पंधरा दिवसांनी झाकण काढलं तर त्या जागेत आडवीतिडवी पोळी बांधलेली. एक चौकट ओढली की शेजारची फाटायची. लँगस्ट्रॉथ नावाच्या अमेरिकन पाद्र्याला 1851 मध्ये उमगलं ते हेच. साधारण 6 ते 9 मिलिमीटरची फट माशी ये-जा करायला मोकळी ठेवते. त्याहून कमी असेल तर झाडाच्या चिकाने बुजवते, जास्त असेल तर तिथे पोळं बांधते. आजची उचलून काढता येणारी चौकट या एका मापावर उभी आहे. मी माप लिहून दिलं, सुतारदादांनी कोठ्या पुन्हा बांधल्या, त्यानंतर तक्रार राहिली नाही.

मग मे आला. आपल्याकडे पारा 45 च्या घरात जातो. पेटीतल्या पिलांना मात्र 34-35 अंशच लागतात, त्याच्या फार वर गेलं तर पिलं वाचत नाहीत. म्हणून माश्या पाणी आणतात, पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. उन्हाळ्यात रात्री पेटीला कान लावला की तो एकसुरी घूं घूं आवाज येतो, तो याच कामाचा. तीन पेट्या केळीच्या कडेला होत्या, दोन मी निंबाखाली ठेवल्या होत्या. निंबाची सावली दुपारनंतर सरकते, हे मी पाहिलंच नव्हतं. मेण वितळतं 62-64 अंशांना, पण त्याच्या बरंच आधी ते मऊ पडतं. मधाने जड झालेली पोळी एका दुपारी चौकटीतून सुटून खाली कोसळली. दोन्ही पेट्यांत राणी खाली चिरडली गेली होती. तळाच्या फळीवरून मध वाहत होता आणि त्यात हजारो माश्या चिकटून मेलेल्या. ते आठवलं की आजही वाईट वाटतं, कारण दुपारी फक्त एक चक्कर मारायला हवी होती.

सातपुड्याच्या पायथ्याचे एक पावरा आदिवासी दादा आमच्याकडे कामाला येतात. ते आग्यामोहळ काढणारे. आग्या पेटीत राहत नाही, उघड्यावर एकच मोठं पोळं लटकवतो, त्यामुळे तो पाळता येत नाही. पचमढीच्या गुहांत मध काढणाऱ्यांची जुनी चित्रं आहेत. तो डोंगरही आपलाच सातपुडा, आणि हे काम तिथे किती जुनं आहे ते त्यावरून कळतं. दादांनी माझ्या पेट्या पाहिल्या नाहीत, आधी विचारलं, "पाण्याले कुठं जातात?" त्या दूर पाटावर जात होत्या. दुसऱ्या दिवशी पेट्यांपासून वीस पावलांवर पसरट घमेलं ठेवलं, माशी बुडू नये म्हणून त्यात ज्वारीच्या कडब्याची कांडं टाकली. पेट्यांवर ओलं बारदान घातलं, दारं पूर्वेला केली. उरलेल्या तिन्ही वसाहती तगल्या.

पावसाळ्यात साखरेचं पाणी पाजण्यापलीकडे फार काही नव्हतं. कपाशी फुलल्यावर खरी भीती फवारणीची. इमिडासारखं (इमिडाक्लोप्रिड) कीटकनाशक फुलावरच्या माशीवर पडलं की दुसऱ्या दिवशी दारापुढे मेलेल्या माश्यांचा थर दिसतो. मी शेजारच्या प्रत्येक शेतकऱ्याकडे जाऊन सांगितलं, आदल्या दिवशी निरोप द्या आणि फवारणी दिवस मावळल्यावर करा. सगळ्यांनी ऐकलं नाही. आप्पांनी एकदाही चुकवलं नाही.

नोव्हेंबरात तीन पेट्यांतून 11 किलो मध निघाला. जानेवारीत तो बरणीत गोठला आणि दोन गिऱ्हाइकांनी "साखर घातली" म्हणून परत आणला. कपाशीचा मध लवकर गोठतो. मधातला ग्लुकोज खडे धरतो, त्यात भेसळीचा संबंध नाही. बरणी कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो, फक्त गॅसवर उकळायचा नाही. एकाने बरणी परत नेली, दुसऱ्याने नाही.

यंदा आप्पांनी कांद्याचे डोंगळे लावलेत, बियाण्यासाठी. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि पराग झेलणारी कुक्षी नंतर तयार होते, म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारं कुणीतरी लागतंच. या वेळी पेट्या त्यांनीच मागितल्या. अडचण अंतराची होती. त्यांचं डोंगळ्यांचं शेत माझ्यापासून किलोमीटरभरच, आणि इतक्या जवळ हलवलं तर माशी उडून जुन्याच जागी परतते. म्हणून जुनी जागा विसरावी यासाठी तीन आठवडे पेट्या पावरा दादांच्या शेतात ठेवल्या, इथून बारा किलोमीटरवर. कांद्याच्या रसापेक्षा धने-मोहरी माशीला जास्त आवडते, तेव्हा थोडी फुलं उमलल्यावरच पेट्या आणायच्या, हेही ठरवलं होतं.

परवा रात्री दाराला जाळी लावून तिन्ही पेट्या आप्पांच्या बांधावर उतरवल्या. पाण्याचं घमेलं आप्पांनी दिवसाच भरून ठेवलं होतं.