वादळ, ॲशची फांदी आणि आमची जुनी मोटरहोम

२६ नोव्हेंबर २०२१ ही तारीख इंग्लंडच्या उत्तर टोकाच्या नॉर्थम्बरलंडमधल्या कुणालाही सांगा, तो आपलं काय काय मोडलं ते सांगायला लागेल. आर्वेन वादळाची ती रात्र. आमच्या गावापासून फार लांब नसलेल्या ब्रिझली वूडला ताशी ९८ मैलांचा, म्हणजे जवळजवळ १५८ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. वेगाइतकीच दिशाही वाईट होती. इथलं नेहमीचं वारं नैर्ऋत्येकडून येतं आणि झाडं त्याच वाऱ्याशी झुंजत वाढलेली असतात. आर्वेन आलं उत्तरेकडून. शेजाऱ्यांच्या ॲशच्या झाडाची एक चांगली जाडजूड फांदी मोडली आणि थेट आमच्या मोटरहोमच्या टपावर आली.

झाड आजारी होतं का, हे पहिल्यांदा सगळ्यांनीच विचारलं. ॲश डायबॅक हा बुरशीचा रोग ब्रिटनमध्ये २०१२ साली सापडला आणि तेव्हापासून ही झाडं आतून ठिसूळ होत चालली आहेत. पण दुसऱ्याचं झाड वादळात आपल्या गाडीवर पडलं, तर इथे त्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई मागता येत नाही. शेजाऱ्यांनी आदल्याच वर्षी झाड तपासून घेतलं होतं, त्याचा कागदही दाखवला. मग काय, आमचा विमा आणि आम्ही.

गाडी १९९९ ची. खाली फियाट ड्युकाटोची चासी आणि २.८ लिटरचं डिझेल इंजिन. वर घर: स्वयंपाकाचा ओटा, छोटं संडास-बाथरूम, मागे बसायची जागा आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला पलंगाचा माळा. या माळ्याला इथे ल्युटन म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की सगळा धातूच आहे. प्रत्यक्षात बाहेर पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये थर्मोकोल, आत ३ मिलिमीटरचं प्लायवूड, आणि हे सगळं ज्यावर उभं आहे त्या पाइनच्या लाकडी पट्ट्या. फक्त ल्युटनचं नाक फायबरचं. फांदी पडली ती नेमकी फायबर आणि पत्रा जिथे भेटतात तिथे. नाकाला वीतभर भोक, पत्र्याला मोठा पोचा, टपावरच्या छोट्या खिडकीचे तुकडे आणि सांध्यावरची ॲल्युमिनियमची पट्टी उचकटून वर आलेली.

रात्री वर चढायचं म्हणजे वेडेपणा होता. सकाळी बर्फ पडलेला. ओल्या पत्र्याला कुठलीही चिकटपट्टी चिकटत नाही, त्यामुळे ताडपत्रीच टाकली, पण खाली जुन्या गोधड्या घालून. नुसती ताडपत्री वाऱ्याने फडफडते आणि दोन दिवसांत रंग घासून काढते. आणि तिची एक बाजू मुद्दाम मोकळी ठेवली, कारण चारी बाजूंनी घट्ट बांधलं तर आतली वाफ आतच कोंडते.

त्या वादळात देशभरात दहा लाखांहून जास्त घरांची वीज गेली होती. आमची परत यायला बरेच दिवस लागले. आता गंमत बघा: घरातली शेगडी विजेची, म्हणजे मेलेली, आणि जायबंदी मोटरहोममधला गॅस मात्र चालू. सिलिंडर प्रोपेनचा होता म्हणून. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचा थांबतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत तक्रार करत नाही. गावातल्या एका जाणकाराने नळ्यांचे सांधे तपासून ‘चालेल’ म्हटल्यावरच शेगडी पेटवली. मग आमचा चहा, खिचडी आणि अर्ध्या गल्लीचं गरम पाणी त्याच गाडीत झालं.

हा जाणकार म्हणजे शेजारच्या गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ. तरुणपणी ते हल शहराजवळच्या एका कॅरव्हान कारखान्यात होते (ब्रिटनमधला हा धंदा बराचसा त्याच भागात एकवटलेला आहे), नंतर आयुष्यभर दुरुस्तीची कामं केली. आमच्या घरात त्यांचं नाव ‘मिस्त्री’ पडलंय. त्यांना ते माहीत आहे, आणि आवडतंही.

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, फोटो काढले, गेला. अधिकृत वर्कशॉपने व्हॅट धरून साडेआठ हजार पौंडांच्या आसपास खर्च सांगितला. गाडीची बाजारातली किंमत कंपनीने धरली होती नऊ हजार. खर्च किमतीच्या अर्ध्यापलीकडे गेला की कंपनीचा कल गाडी बाद करण्याकडे असतो, इथे तर जवळजवळ बरोबरीच होती. बाद गाड्यांचे इथे चार वर्ग आहेत. ए आणि बी पुन्हा रस्त्यावर येऊ शकत नाहीत. एस म्हणजे सांगाड्याला मार, एन म्हणजे सांगाडा शाबूत. एस आणि एन ही नावं ऑक्टोबर २०१७ पासूनची. आमची एन ठरली. मला दोन पर्याय होते: पूर्ण पैसे घेऊन गाडी देऊन टाकायची, किंवा भंगाराची किंमत वजा करून उरलेले पैसे घ्यायचे आणि गाडी आपल्याकडेच ठेवायची.

बायको म्हणाली, “पैसे घे आणि मोकळा हो.” तिचा हिशेब चुकीचा नव्हता. पण नऊ हजारांत तेवढ्याच जुन्या दुसऱ्या गाडीच्या भिंतीत काय दडलंय ते मला कोण सांगणार होतं? मी गाडी ठेवून घेतली.

आणि मग आमच्याच गाडीच्या भिंतीत काय दडलंय ते कळलं. सांध्यावरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत एक प्लास्टिकची लांब फीत सरकवलेली असते, तिच्याखाली स्क्रू लपलेले असतात. फीत ओढली तर निम्म्या स्क्रूंची डोकी गंजून हातात आली. पट्टी काढली तसं चहाच्या रंगाचं पाणी बाहेर आलं. खालची लाकडी पट्टी मिस्त्रींनी बोटाने दाबली आणि ती भिजलेल्या बिस्किटासारखी कुस्करली. हे काम एका रात्रीतल्या बर्फाचं नव्हतं. सांध्यातलं मॅस्टिक, म्हणजे फटी बुजवणारं लुकण, कधीच सुकून तडकलं होतं आणि पाणी वर्षानुवर्षं मुरत होतं. फांदीने फक्त झाकण उघडलं. विमा कंपनीने अर्थातच या जुन्या कुजीचा एक पैसाही दिला नाही, आणि मी तो मागितलाही नाही. पॉलिसीत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

त्या रविवारी पुण्याला मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामांची सगळी नोकरी दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये बसच्या बॉड्या बांधण्यात गेली. मी कॅमेरा आत धरला.

“लाकूड? गाडीत लाकूड कोण घालतं रे?”

“मामा, इथे सगळेच घालायचे. वजन कमी राहतं.”

“मग भोगा! आमच्या ॲल्युमिनियमच्या बॉडीला पाणी लागलं तर एक रिव्हेट बदलला की झालं.” मग जरा थांबून म्हणाले, “हे बघ, डाग दिसतो तिथे भोक शोधू नकोस. पाणी वर शिरतं एकीकडे आणि खाली उतरतं भलतीकडे. वरून सुरुवात कर.”

मिस्त्रींनीही थोड्या वेळाने इंग्रजीत तेच सांगितलं, म्हणून मी निमूटपणे वरून सुरुवात केली.

घाई करून भोक बुजवायचा मोह फार होतो. थंडी, पाऊस, उघडी गाडी, रोज सकाळी ताडपत्रीची काळजी. पण ओलं लाकूड आत ठेवून वरून बंद केलं तर ते बंद डब्यात कुजत राहतं. म्हणून कुजलेलं सगळं कापून काढलं आणि उरलेलं फक्त वाळवत ठेवलं. त्यासाठी डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं यंत्र आणलं, तेही डेसिकंट प्रकारचं, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारं. कॉम्प्रेसरवाला स्वस्त मिळतो, पण थंड जागेत तो धापा टाकतो, पाणी फारसं ओढत नाही. ओल मोजायचं मीटर मिस्त्रींचंच होतं. १५ टक्क्यांच्या आत असेल तर निश्चिंत राहायचं, २० च्या वर लक्ष घालायचं, ३० च्या वर लाकूड गेलंच समजायचं. आमच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात काटा ३० च्या पुष्कळ पुढे होता. तो खाली यायला अख्खा हिवाळा गेला.

लाकडाचं काम सोपं. नव्या पट्ट्यांना कुज न लागण्याचं औषध पाजलं, पॉलियुरेथेन गोंदाने बसवल्या, वरून नवं थर्मोकोल. गोंद निवडताना बघून घ्यावं लागतं, कारण सॉल्व्हंटवाला गोंद थर्मोकोल खाऊन टाकतो. पॉलिएस्टर रेझिनही तेच करतं. म्हणून फायबरच्या नाकाची दुरुस्ती आतला थर्मोकोल काढून, आतल्या बाजूने करायची आणि ती पुरती वाळल्यावरच नवा थर्मोकोल लावायचा, असा क्रम ठरला.

या फायबरच्या कामात मला सगळ्यात जास्त मजा आली, आणि सगळ्यात जास्त खाजही सुटली. भोकाच्या कडा ग्राइंडरने तिरक्या घासायच्या, जाडीच्या दहा-बारा पट रुंद उतार देऊन, म्हणजे नव्या थरांना पकड मिळते. नुसतं सरळ कडेला ठिगळ लावलं तर पहिल्या खड्ड्यात ते सुटतं. ती धूळ कॉलरमधून, बाहीतून, कुठूनही आत शिरते. मास्क हवाच, शिवाय पूर्ण अंगाचा झगा. अंघोळ आधी थंड पाण्याने करायची, असं मिस्त्री म्हणाले. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवा, इंग्लंडात मार्चमध्ये तो ठेवणं सोपं नाही.

रेझिन मात्र मार्चमध्ये लावलं नाही. हवा १५ अंशांच्या खाली असली की ते आळायलाच तयार होत नाही. मेपर्यंत थांबलो. एक किलो रेझिनला साधारण २० मिलिलिटर हार्डनर, म्हणजे दोन टक्के. त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा लावूनच बाटली उघडायची. काचेच्या धाग्यांची चटई तुकडे करून रेझिनमध्ये भिजवली, एकावर एक थर दिले आणि लोखंडी चकत्यांच्या रोलरने प्रत्येक थरातली हवा दाबून काढली. बाहेरून आकार धरायला भोकावर लवचिक प्लास्टिकचा पत्रा मेण लावून बांधला होता. दुसऱ्या दिवशी तो सोलून काढला आणि नाकाचं वळण जसंच्या तसं आलेलं पाहून मी तो फोटो मामांना पाठवला. उत्तर आलं: “फिनिशिंग बाकी आहे.”

पोचा पडलेल्या पत्र्यावर नवा ॲल्युमिनियमचा तुकडा चिकटवला. तो रंगानंतरही नीट बघणाऱ्याला दिसतो. दिसू दे.

सांधे बंद करताना मिस्त्रींनी मला सीलंटची एक नळीसुद्धा स्वतःच्या हाताने निवडू दिली नाही. सिलिकॉन गाडीच्या जवळ आणायचं नाही, कारण ते एकदा लागलं की त्या जागेवर पुढे दुसरं काहीच धरत नाही. टपावरची खिडकी आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कधी ना कधी पुन्हा काढाव्या लागतात, म्हणून त्यांच्याखाली न वाळणारी ब्यूटाइलची पट्टी. जे कायमचं चिकटवायचं तिथे पॉलियुरेथेन सीलंट. पण ॲक्रिलिकच्या खिडकीला तेच सीलंट लावलं तर काही दिवसांनी बारीक तडे जातात. स्क्रू सगळे नवे, स्टेनलेस स्टीलचे, आणि प्रत्येकाच्या भोकात आधी सीलंट. काम संपल्यावर बागेचा पाइप घेऊन टपावर पाणी सोडलं, खालून वर सरकत, एकेक सांधा बघत. मिस्त्री आत टॉर्च घेऊन बसले होते आणि मधूनमधून “नथिंग” असं ओरडत होते.

एमओटीला, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का ते बघणाऱ्या इथल्या वार्षिक सक्तीच्या चाचणीला, काही अडचण आली नाही, कारण ती चाचणी मुख्यतः ब्रेक, दिवे, चासी यांची असते. घराच्या भागाची तपासणी वेगळी करून घेतली, त्यात गॅसचीही रीतसर चाचणी झाली. अवघड गेलं ते विम्याचं नूतनीकरण. एन वर्ग म्हटलं की काही कंपन्या फोनवरच नाही म्हणतात. शेवटी एकीने दुरुस्तीचे फोटो, बिलं आणि ओलीच्या नोंदी मागवून घेतल्या आणि पॉलिसी दिली. कुणी हे करणार असेल तर पहिल्या दिवसापासून फोटो काढत जा, उघड्या लाकडाचे तर नक्की. विकायची वेळ आली तर एनचा शिक्का किंमत खाणारच, हे मी धरून चाललोय.

एकूण खर्च विम्याच्या पैशांत भागला, माझी आणि मिस्त्रींची मजुरी न धरता. मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. बायकोच्या हातच्या पुरणपोळ्या घेतल्या, त्यासुद्धा मागून.

पुढचा डावा कोपरा अजून १८ दाखवतो. उन्हाळ्यात तिथली पट्टी पुन्हा उघडायची आहे, ब्यूटाइल आणून ठेवलंय. मामांचा व्हिसा तोपर्यंत झाला, तर ते कामाला उभे राहणार आहेत. मिस्त्रींशी ते कुठल्या भाषेत भांडतील, हे मात्र ठरायचंय.