कारण : आकृतीवरून

दहावीच्या भूमितीच्या पेपरात मी किमान तीन ठिकाणी ‘आकृतीवरून’ असं कारण लिहिलं असेल. डावीकडे विधान, उजवीकडे कारण, असे दोन रकाने. उजवीकडचं काही सुचेनासं झालं की ‘पक्ष’ नाहीतर ‘आकृतीवरून’. वसईतल्या आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत त्याला कोणी हरकत घेतल्याचं आठवत नाही. मार्क मिळायचे. त्याच मार्कांच्या जोरावर पुढे बीएस्सी, बीएड, मग लग्न आणि नवऱ्याच्या नोकरीमागे अमेरिका.

गेली सहा वर्षं मी व्हर्जिनियातल्या एका छोट्या कॅथलिक शाळेत गणित शिकवते. शाळा ‘क्लासिकल लिबरल आर्ट्स’ वाली आहे. यातल्या लिबरलचा राजकारणाशी संबंध नाही, हे मला घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दिवाळी-नाताळला नव्याने सांगावं लागतं. लॅटिनमध्ये ‘लीबेर’ म्हणजे मोकळा, कोणाचा गुलाम नसलेला. अशा माणसाला शोभतील त्या सात विद्या, असा मूळ अर्थ. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तिघींचं ट्रिव्हियम. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या चौघींचं क्वाड्रिव्हियम. अमेरिकेतल्या काही कॅथलिक शाळा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या जुन्या वाटेकडे परत वळल्यात. शेजारच्या मेरीलँडमध्ये हायट्सव्हिलची सेंट जेरोम शाळा बंद पडायच्या बेतात होती, तिने २०१० मध्ये हा अभ्यासक्रम घेतला आणि ती टिकली. आमची शाळा त्याच धाटणीची.

सकाळचा पहिला तास लॅटिनचा. मी नवीन असताना व्हरांड्यातून मुलांचं पाठांतर ऐकलं की आजी आठवायची. आम्ही वसईचे कॅथलिक. साठच्या दशकात चर्चच्या सुधारणांसाठी भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमधून मराठीत आली, पण आजीच्या तोंडात शेवटपर्यंत लॅटिन ‘आग्नुस देई’च होतं. अर्थ विचारला तर म्हणायची, “देवाला कळतो ना, मग झालं.”

माझा विषय भूमिती, आणि तीही पाठ्यपुस्तकातली नाही. नववीला आम्ही थेट युक्लिड वाचतो. या ग्रीक गणितज्ञाचा सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा ‘एलिमेंट्स’ हा ग्रंथ. त्याच्या पहिल्या भागात २३ व्याख्या, ५ गृहीतकं, ५ सर्वमान्य तत्त्वं आणि त्यांवर रचलेली ४८ विधानं. कॅथलिक शाळेत युक्लिड कशाला, असं पालक विचारतात तेव्हा मी क्लॅव्हियसचं नाव सांगते. हा जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा धर्मगुरू, रोममध्ये गणित शिकवायचा. १५८२ च्या नव्या कॅलेंडरच्या कामात तो होता आणि युक्लिडची त्याची आवृत्ती १५७४ ची. त्याचा विद्यार्थी मातेओ रिक्की चीनमध्ये गेला आणि शू ग्वांगची या चिनी विद्वानाला सोबत घेऊन युक्लिडचे पहिले सहा भाग त्याने १६०७ मध्ये चिनीत आणले. त्याच सुमारास फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आपली ओवी हाताशी धरून ख्रिस्तपुराण रचत होता, ते १६१६ ला छापून आलं. चीनला भूमिती आणि आपल्याला पुराण, ही वाटणी मला कधीकधी जरा खटकते. असो.

वर्गाची पद्धत अशी. चिठ्ठी काढायची, नाव येईल त्याने फळ्यापाशी जायचं. हातात वही नाही, पुस्तक नाही. विधान म्हणायचं, आकृती काढायची आणि पायरीपायरीने सिद्ध करायचं. बाकीच्यांनी कुठेही अडवून ‘कशावरून?’ विचारायचं. कारण म्हणून व्याख्या, गृहीतक, सर्वमान्य तत्त्व किंवा आधी सिद्ध केलेलं विधान, एवढंच चालतं. ‘दिसतंच आहे’ चालत नाही. हा शेवटचा नियम मीच घातलेला. पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. आपल्या जुन्या पापाचं प्रायश्चित्त म्हणा हवं तर.

त्या दिवशी शाळा बघायला पालक येणार होते. मागच्या भिंतीला दहा-बारा खुर्च्या लावल्या होत्या. धोका नको म्हणून मी पहिलंच विधान पुन्हा घेतलं : दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढणे. यात चुकायला जागाच नाही. रेषाखंडाच्या एका टोकाला केंद्र धरून दुसऱ्या टोकातून जाणारं वर्तुळ, मग दुसऱ्या टोकाला केंद्र धरून तेवढंच वर्तुळ. दोन्ही छेदतात तो बिंदू दोन्ही टोकांना जोडायचा. एकाच वर्तुळाच्या त्रिज्या सारख्या, म्हणून तिन्ही बाजू सारख्या. संपलं.

चिठ्ठी निघाली ती वर्गातल्या सगळ्यात नीटनेटक्या मुलीची. तिने हाताने अशी वर्तुळं काढली की मागच्या खुर्च्यांमधून कोणीतरी ‘वा’ म्हणालं. मी मनात म्हटलं, आजचा दिवस निघाला. ती म्हणाली, “ही वर्तुळं ज्या बिंदूत एकमेकांना छेदतात, त्या बिंदूला आपण...”

“कशावरून?”

खिडकीजवळचा मुलगा. एरवी पेन्सिलीची टोकं करण्यात गुंग असतो.

“कशावरून काय?” ती.

“छेदतात कशावरून?”

ती माझ्याकडे बघायला लागली. आणि मी, सहा वर्षं युक्लिड शिकवणारी, पालकांसमोर हसून म्हणाले, “अरे, दिसतंच आहे की!”

वर्ग एकदम गप्प झाला. कोणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या मुलाने टोमणाही मारला नाही. त्याला खरंच कळेना. “पण मॅम, दिसतं हे कारण नाही ना?”

मग मी शोधायला लागले. तिसरं गृहीतक? ते फक्त म्हणतं की वर्तुळ काढता येतं. पहिलं? दोन बिंदू जोडता येतात, पण दुसरा बिंदू आहे हे आधी ठरायला हवं. वर्तुळाची व्याख्या पाहिली. सर्वमान्य तत्त्वं पाहिली. पाचवं गृहीतक रेषांबद्दल बोलतं, वर्तुळांबद्दल नाही. पहिलंच विधान असल्यामुळे मागे जायला जागा नव्हती. घाम फुटला म्हणजे काय ते कळलं. इतकी वर्षं दर सप्टेंबरला मी या पायरीवरून न बघता पुढे गेले होते.

मागून एक वडील समजावणीच्या सुरात म्हणाले, “वर्तुळ अखंड असतं. एकाचा काही भाग दुसऱ्याच्या आत आहे, काही बाहेर. मधे कुठेतरी ते ओलांडणारच.” पेन्सिलवाला लगेच वळला, “सर, ‘अखंड असतं’ हे कितवं गृहीतक?” वडील हसले आणि मांडीवरचं माहितीपत्रक चाळायला लागले. एका आईने विचारलं, “म्हणजे पुस्तक चुकीचं आहे का?” मी म्हटलं, “मला आत्ता सांगता येत नाही.” इंग्रजीत हे वाक्य वर्गात मी पहिल्यांदाच बोलले असेन.

पंचवीस मिनिटं नुसता वाद. फळ्याजवळची मुलगी हातात खडू घेऊन तशीच उभी. मधेच तिने हळूच विचारलं, “मी बसू की उभी राहू?” उत्तर द्यायला कोणाला वेळ नव्हता. बारा वाजले, एंजलसची, म्हणजे दुपारच्या प्रार्थनेची घंटा झाली, सगळे उभे राहिले. प्रार्थना म्हणताना माझी नजर त्या दोन वर्तुळांवर.

त्या रात्री भात करपला. पण शोध लागला. हे भोक जुनंच आहे, माहीतगारांना केव्हाचं ठाऊक आहे. डेव्हिड हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाने १८९९ मध्ये भूमितीचा पाया नव्याने बांधला तो अशाच न बोललेल्या गोष्टी बोलून दाखवण्यासाठी. बीएस्सीला हिल्बर्टचं नाव दोन मार्कांच्या टिपेत लिहिलं होतं, तेही आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, समजा आपल्या कागदावर ज्यांचं आडवं आणि उभं अंतर पूर्णांकात किंवा अपूर्णांकात लिहिता येतं, तेवढेच बिंदू आहेत. रेषाखंड एक एकक लांबीचा, ० पासून १ पर्यंत. त्रिकोणाचं टोक कुठे येईल? त्यांनी पायथागोरस लावला. आडवं अर्धं, उभं तीनच्या वर्गमूळाचं निम्मं. तीनचं वर्गमूळ अपूर्णांकात बसत नाही. म्हणजे त्या कागदावर तो बिंदूच नाही. दोन्ही वर्तुळं एकमेकांतून आरपार जातात आणि कुठेही भेटत नाहीत, चाळणीतून चाळणी काढल्यासारखी. आणि ‘तिथे बिंदू असेलच’ अशी हमी युक्लिडचं एकही गृहीतक देत नाही.

पेन्सिलवाला बराच वेळ वहीत काहीतरी काढत बसला. मग म्हणाला, “म्हणजे युक्लिडनेही बघून लिहिलं.”

“हो,” मी म्हटलं. “माझ्यासारखंच.”

कालची मुलगी हात वर करून होती. तिची सिद्धता अर्धी राहिली होती आणि ते तिला सहन होत नव्हतं. ती फळ्यापाशी गेली, वर्तुळं परत काढली, पहिल्यापेक्षा सुबक, आणि न अडखळता शेवटपर्यंत गेली. रचनेचं विधान असलं की आम्ही शेवटी क्यू.ई.एफ. लिहितो, ‘जे करायचं होतं ते’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरं. तिने ती लिहिली. दोन पावलं मागे येऊन बघितलं. परत पुढे जाऊन छेदनबिंदूच्या डोक्यावर बारीक अक्षरात एक लॅटिन शब्द लिहिला : ‘सी’. जर.

मी फळा पुसला नाही. पुढच्या तासाला सातवी आली, त्यातल्या एकाने डस्टर उचलून विचारलं, “मॅम, हे ‘जर’ कोणाचं राहिलंय? पुसू?”

“राहू दे,” मी म्हटलं. “उरलेल्या फळ्यावर करू या.”