विअर्ड अल, स्टूल आणि अकॉर्डियन

सोमवार, रात्री

न झालेल्या मैफिलीची गाणी ठरवत बसणं हा चाहत्यांचा जुना रोग. आमच्या मित्रमंडळात सध्या त्याची साथ आली आहे. विषय एकच: गाजलेल्या गाण्यांची विडंबनं करणारा अमेरिकन गायक 'विअर्ड अल' यांकोविक याने पूर्णपणे अकूस्टिक कार्यक्रम केला तर? मधेच एखादं गाणं नव्हे, अख्खे दोन तास. वीज फक्त माइकपुरती.

बोलता बोलता मंडळी इतकी रंगली की कुणी कुठे बसायचं इथपर्यंत गोष्ट गेली. जिम वेस्टच्या हाती लाकडी गिटार, स्टीव्ह जेकडे अकूस्टिक बास, रूबेन वाल्टिएरा खऱ्या पियानोवर, आणि जॉन 'बर्म्युडा' श्वार्ट्झला ड्रम बडवायची बंदी, त्याने ब्रशवर भागवायचं. वादक कोण यावर मात्र चर्चाच झाली नाही. श्वार्ट्झ १९८० पासून अलबरोबर आहे, वेस्ट आणि जे त्यानंतर थोड्याच काळात आले, वाल्टिएरा नव्वदीच्या सुरुवातीला. दुसरा संच कल्पनेतही बसत नाही.

मग एकजण म्हणाला, "चला, आता तरी लोकांना कळेल की तो खरा गायक आहे."

हे मला खटकलं, आणि अजून खटकतंय म्हणून दिवा लावून लिहीत बसलोय. खरा म्हणजे काय? विनोद काढून ठेवला की उरतो तो खरा? २०१४ मध्ये याचा 'मँडेटरी फन' हा अल्बम बिलबोर्ड या अमेरिकन खपाच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. विनोदी अल्बमला ती जागा १९६३ नंतर प्रथमच मिळत होती. त्या वेळी तो चोपन्न वर्षांचा होता. एवढ्यावरही ज्यांना पुरावा हवा, त्यांच्यासाठी त्याने स्टुलावर बसून डोळे मिटून गावं, ही मागणीच मला पटत नाही. पण मैफल मात्र मलाही हवीय. हा तिढा उद्या.

मंगळवार

ही हाव आम्हाला लागली ती २०१८ च्या दौऱ्यामुळे. दौऱ्याचं नाव 'द रिडिक्युलसली सेल्फ-इंडल्जंट, इल-अ‍ॅडव्हाइज्ड व्हॅनिटी टूर'. लोक शिव्या घालण्याआधी स्वतःच घालून मोकळं व्हायचं, ही त्याची नेहमीची खोड. थिएटरं लहान. 'फॅट' या विडंबनगीताचा फुगवलेला पोशाख नाही, पडद्यावर चित्रफिती नाहीत, कसली सामग्री नाही. सगळे स्टुलांवर बसलेले, गाणी बहुतेक त्याची स्वतःची, आणि यादी रोज वेगळी. शेवटी दुसऱ्या कुणाचं एखादं गाणं, शब्द न बदलता, सरळ. २०२२ मध्ये तोच प्रकार पुन्हा झाला आणि त्याचा उत्तर अमेरिकेतला टप्पा २९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये संपला.

तरी ते अकूस्टिक नव्हतं. इलेक्ट्रिक गिटार होती, कीबोर्ड होता, ड्रम होते. चाहत्याला बोट दिलं की तो मनगट मागतो.

आता अडचण अशी आहे, आणि आमच्यातल्या बहुतेकांना ती दिसत नाही. अलची विडंबनं चालतात ती आधी कानाला फसवून. सुरुवातीचे काही क्षण ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की मूळ गाणंच लागलंय. त्यासाठी त्याचा बँड गिटारचा पोत, ड्रमचा घुमारा, अगदी मूळ गायकाचे उसासेसुद्धा हुबेहूब उचलतो. मग शब्द सुरू होतात आणि मायकेल जॅक्सनच्या 'बीट इट'मधल्या रागाच्या जागी कुणीतरी ताटातलं संपव म्हणून ओरडत असतं. 'ईट इट'मध्ये (१९८४) रिक डेरिंजरने वाजवलेला गिटारचा तुकडा असा काही चढत जातो की शेवटी स्फोटच होतो. हे लाकडी गिटारवर कसं करणार? श्वार्ट्झने टुणकन टाळ वाजवायचा?

'स्मेल्स लाइक निर्वाना'चं तर आणखी कठीण. १९९२ च्या त्या गाण्याचा सगळा विनोद एवढाच की निर्वाना बँडचा गायक कर्ट कोबेन काय म्हणतोय ते कुणालाच कळत नाही. अल मधेच गुळण्या करतो, तोंडात गोट्या धरल्यासारखा गातो. गिटारांचा कल्लोळ असेल तर हे जमतं. शांत सभागृहात प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू आलं की विनोदाचा पायाच गेला. (गंमत म्हणजे खुद्द निर्वानाने नोव्हेंबर १९९३ मध्ये एमटीव्हीसाठी अनप्लग्ड मैफल केली तेव्हा कोबेनची अकूस्टिक गिटारही अ‍ॅम्प्लिफायरमधून जात होती. अनप्लग्ड या शब्दावर फार विसंबू नये.)

म्हणजे प्रसिद्ध गाणी कापायची? तसंही नाही. कारण अलने यावर उपाय आधीच काढून ठेवलाय. मैफिलीत तो 'ईट इट' वाजवतो ते एरिक क्लॅप्टनच्या संथ 'लैला'च्या थाटात. क्लॅप्टनने जानेवारी १९९२ मध्ये एमटीव्हीसाठी 'लैला'ची लय अशी काही खाली आणली होती की मूळ गाण्यातली ती प्रसिद्ध धडक कुठल्या कुठे गेली. अल तोच झुलता ताल घेतो, चेहरा गंभीर करतो आणि जेवण संपवायला सांगतो. इथे जॅक्सनची नक्कल उरतच नाही. नक्कल होते ती प्रौढ वयात स्टुलावर बसून आपलीच जुनी गाणी चिंतनशीलपणे गाणाऱ्या समस्त कलावंतांची.

सोमवारचा तिढा मला इथे सुटताना दिसतो. आमची मंडळी समजतात की अकूस्टिक म्हणजे मुखवटा उतरवणं. अलच्या बाबतीत तो आणखी एक मुखवटा आहे, आणि तो फार मजेत घालेल.

गुरुवार

आज यादीला बसलो. चुलीवरचं दूध ऊतू जावं तशी फर्माईश वाढत चालली आहे, म्हणून मी एक कसोटी लावली: वाद्यांचा आवाज उतरवल्यावर गाणं वाढतं की आटतं?

वाढणारी गाणी बहुतेक एकाच जातीची निघाली. एका ठरावीक गाण्याची चाल न घेता एखाद्या गायकाची किंवा बँडची अख्खी शैली उचलून त्याने नवीन चाल बांधलेली असते ती. 'द बिगेस्ट बॉल ऑफ ट्वाइन इन मिनेसोटा' (१९८९) घ्या. लोकगीतवाल्या गिटारवर सांगितलेली जवळजवळ सात मिनिटांची कौटुंबिक सहल, मुक्काम सुतळीचा प्रचंड गोळा. गोळा खरा आहे, मिनेसोटातल्या डार्विन गावात; फ्रान्सिस जॉन्सन नावाच्या गृहस्थाने एकट्याने गुंडाळलेला. गाण्यातला बाप त्याच्यासमोर तीर्थक्षेत्री आल्यासारखा उभा राहतो. हे गाणं ज्या भक्तिभावाने गायलं जातं त्याला मोकळी गिटारच हवी. मोठा आवाज त्यात अडथळा आहे.

'यू डोन्ट लव्ह मी एनीमोर' (१९९२) तर जन्मतःच अकूस्टिक. मऊ प्रेमगीत, आणि प्रेयसी दर कडव्यात नायकाचा जीव घेण्याचा नवा प्रयत्न करते. त्याच्या चित्रफितीत एक्स्ट्रीम या बँडच्या 'मोअर दॅन वर्ड्स'ची फिरकी होती. ते गाणं मैफिलीत आलं की लोक दोनदा हसतील, एकदा शब्दांना आणि एकदा शेजारच्या जोडप्याला.

आणि 'जॅक्सन पार्क एक्सप्रेस'. नऊ मिनिटं, २०१४, कॅट स्टीव्हन्सच्या वळणाचं. बसमध्ये एक माणूस समोरच्या बाईच्या नजरेतून, उसाशातून अख्खा संवाद ऐकतो, अख्खा संसार मांडतो, आणि ती एक शब्द बोललेली नसते. आम्हीही तेच करतोय की. अलने एक अवाक्षर काढलेलं नसताना त्याची मैफल सजवून, खुर्च्या मांडून बसलोय. हे मी मंडळींना सांगितलं तेव्हा कुणी फारसं हसलं नाही.

आटणाऱ्यांत माझ्या मते 'हार्डवेअर स्टोअर' (२००३) पहिलं. सगळ्यांना तेच हवंय, आणि नेमकं तेच होऊ नये असं मला वाटतं. ध्वनिमुद्रणात त्याच्याच आवाजाचे थरावर थर आहेत. हत्यारांची नावं दम न घेता कोसळत राहतात. पाच माणसं स्टुलावर बसून ते करायला गेली तर ती कसरत होईल, गाणं होणार नाही. एका मैत्रिणीचं म्हणणं, कसरत बघायलाच तर लोक येतात. असेलही.

शुक्रवार

अकॉर्डियनचा वेगळा विचार करायला हवा. सगळे गिटारचीच चित्रं रंगवतायत. अहो, या माणसाचं मूळ वाद्य कधी प्लगला लावलेलं नव्हतंच! सातव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्याची शिकवणी सुरू झाली. दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्याने गिटार की अकॉर्डियन असं विचारलं आणि आईवडिलांनी अकॉर्डियन निवडलं, असं तो सांगतो. पोल्का या युरोपीय नाचसंगीताचा बादशहा फ्रँकी यांकोविक याच्याशी त्यांचं नातं काही नाही, फक्त आडनाव तेच.

तांत्रिक बाजूनेही ते इथे भारी पडतं. गिटारची तार छेडली की आवाज विरायला लागतो. अकॉर्डियनमध्ये आपल्या पेटीसारख्याच धातूच्या पट्ट्या असतात, भाता चालू आहे तोवर सूर टिकतो, आणि भात्याच्या दाबाने तो तिथल्या तिथे वाढवता-उतरवता येतो. अकूस्टिक संचात ते सहज सगळ्यांना खाऊन टाकेल. म्हणजे अलला कोपऱ्यात बसवावं लागेल की काय, असा एक प्रश्न निघाला. माझं उत्तर: मधोमधच बसवा, बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

आणि सुरुवातीचं गाणं यामुळेच ठरून गेलं. १४ सप्टेंबर १९८० ला डॉक्टर डिमेंटोच्या रेडिओ कार्यक्रमात अलने 'अनदर वन राइड्स द बस' थेट गायलं. क्वीन या बँडच्या गाण्याचं विडंबन, साथीला अकॉर्डियन. तालासाठी श्वार्ट्झ अकॉर्डियनच्याच खोक्यावर थापा मारत होता. क्वीनचा तो बास, तो भव्य पोकळ ठोका, यातलं काही त्यांच्याकडे नव्हतं आणि नक्कल करण्याची ऐपतही नव्हती. तरी गाणं उडालं. याच्या आदल्या वर्षी 'माय बोलोना' त्याने कॉलेजच्या रेडिओ केंद्रासमोरच्या स्वच्छतागृहात ध्वनिमुद्रित केलं होतं, तिथे आवाज चांगला घुमतो म्हणून.

कानाला फसवण्याची कला त्याच्याकडे नंतर आली, हे मंगळवारच्या माझ्या सिद्धान्ताला थोडं जड जाणारं आहे. 'बस'मध्ये कुणीच फसत नाही. पहिल्या क्षणापासून कळतं की एक पोरगा जीव तोडून अकॉर्डियन दाबतोय. हसू त्या दांडगाईचं येतं. तेव्हा विडंबनं निवडायची तर दांडगाईची निवडावी, हुबेहूबपणाची सोडावीत.

रविवार

यादीवर जवळपास एकमत. 'बस'ने सुरुवात, फक्त अल आणि श्वार्ट्झ, बाकीचे नंतर एकेक करत येऊन बसणार. मग सुतळीचा गोळा. 'ईट इट' संथ. 'निर्वाना'ला चाट. 'हार्डवेअर स्टोअर' मतदानात निवडून आलं, माझं मत विरोधात नोंदवून घेतलंय.

भांडण उरलंय ते शेवटच्या गाण्याचं. मला 'अल्बुकर्की' हवं. अकरा मिनिटांहून लांब, बरंचसं बोललेलं, कुठूनही कुठेही जाणारं. १९९९ च्या अल्बमच्या अगदी शेवटी त्याने ते ठेवलं होतं ते लोकांना छळायला. प्रत्यक्ष मैफिलीत तो मधेच कुठे होतो ते विसरल्याचं सोंग करतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. शांत थिएटरात, लोकांच्या नजरेला नजर देऊन ते सोंग केलं तर काय बहार येईल! विरोधी पक्षाचं म्हणणं, शेवट पोल्का मेडलीने व्हावा. १९८४ पासून जवळजवळ प्रत्येक अल्बममध्ये त्या त्या काळातली गाजलेली गाणी पोल्काच्या ठेक्यावर पळवलेली आहेत, आणि त्याला अकॉर्डियनपलीकडे फार काही लागतही नाही. मुद्दा बरोबर आहे, पण पोल्का संपली की लोक उठून टाळ्या वाजवतील आणि घरी जातील. 'अल्बुकर्की' संपलं की त्यांना आधी खात्री करून घ्यावी लागेल की ते खरंच संपलंय.

पोल्का 'जॅक्सन पार्क'नंतर घ्यावी, अशी तडजोड मी सुचवली आहे. उत्तर आलेलं नाही.