सहाशे मीटर खरंच सहाशे भरतात का?

शाळेतली फिटनेस चाचणी म्हटलं की पीटीच्या सरांना आधी रकाने दिसतात. मोबाईलवर आकडे भरले की झालं. पण आकडा भरण्याआधी तो नीट मोजावा लागतो, आणि आपल्याकडं घोळ होतो तो तिथंच.

केंद्र सरकारच्या खेलो इंडियाच्या पद्धतीत पहिली ते तिसरीच्या पोरांसाठी तीनच गोष्टी आहेत: बीएमआय (उंचीच्या मानानं वजन), एका पायावर तोल आणि थाळ्यांवर आळीपाळीनं हात मारणं. चौथीपासून बारावीपर्यंत बीएमआय, 50 मीटर आणि 600 मीटर पळणं, पाय सरळ ठेवून पुढं वाकणं, 30 सेकंदांतले कर्ल-अप (पाठीवर झोपून धड उचलणं) आणि पुशअप. म्हणजे वेग, दमसास, लवचीकता, पोटाची आणि हाता-खांद्याची ताकद, शिवाय शरीराची ठेवण.

सगळ्यात जास्त चुका 600 मीटरमध्ये. खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या किती शाळांना 200 मीटरचा ट्रॅक आहे? असेल तर तीन फेऱ्या. नसेल तर 40 बाय 20 चा आयत आखा, फेरी 120 मीटरची होते, पाच फेऱ्यांत 600. पावलांनी मोजू नका आणि जुना कापडी टेप वापरू नका, तो ताणलेला असतो. चारी कोपऱ्यांवर स्टंप ठोका आणि पोरांना बाहेरूनच वळवा. नुसती फक्की मारली तर पोरं कोपरा कापतात. कोपऱ्याच्या दोन मीटर आधी वळून दोन मीटर पुढं निघालं की दर वळणाला साधारण 1.17 मीटर वाचतात. वळणं वीस, म्हणजे 23 मीटर गायब. 2 मिनिटं 40 सेकंदांत धावणाऱ्या पोराचे यात सहा सेकंद कमी होतात, आणि आपण म्हणतो दमसास सुधारला!

एका वेळी पाच-सहाच सोडा. प्रत्येकाचा एक जोडीदार फेऱ्या मोजायला बसवा, दर फेरीला पाटीवर खडूची एक रेघ. पहिल्या फेरीत जीव तोडून पळायचं आणि तिसरीत पोट धरून चालायचं, हा नवख्यांचा ठरलेला प्रकार. त्या वेळेत दमसास दिसत नाही, अंदाज चुकलेला दिसतो. म्हणून चार-पाच दिवस आधी एकदा नुसतं पळवून घ्या. मध्ये चाललं तरी चालतं, हे पोरांना आधीच सांगा.

50 मीटरला घड्याळवाला शेवटच्या रेषेवर असतो. त्यानं शिट्टी ऐकून बटण दाबलं तर आवाज पोचेपर्यंतच जवळजवळ 0.15 सेकंद जातात. खाली पडणारा झेंडा बघून दाबा. मैदानाला उतार असेल तर सगळ्यांना एकाच दिशेनं पळवा, आणि पुढच्या वेळीही त्याच दिशेनं.

बीएमआयबद्दल एक गंमत. कर्नाटक सरकारच्या क्षीरभाग्य योजनेतलं शाळेतलं दूध पिऊन आलेल्या पोराचं वजन फसतं म्हणून काहीजण काळजी करतात. दूध 150 मिली. 38 किलो वजन आणि 145 सेंटीमीटर उंची असेल तर बीएमआय 18.07 येतो, दुधानं तो 18.15 होईल. पण उंची चुकून 142 लिहिली तर तोच 18.85. काळजी उंचीची करा: चपला काढून, टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर गुण्या आडवा. शिवाय मोठ्या माणसांचा 18.5 ते 25 चा पट्टा पोरांना लावायचा नसतो, वय आणि मुलगा-मुलगी बघून तक्ता वाचायचा.

पुशअपला तालमीतली पोरं वेगळाच पेच टाकतात. ती जोर मारतात: कंबर वर, छाती घासत पुढं. जोर उत्तमच, पण मोजणीत धरायचे नाहीत. इथं डोक्यापासून टाचेपर्यंत अंग एका रेषेत, कोपर काटकोनात वाकेपर्यंत खाली. मुलींसाठी गुडघे टेकून. कर्ल-अपला टाचा बुडापासून साधारण फूटभर, हात मांड्यांवरून सरकून बोटं गुडघ्याला, आणि दर वेळी खांद्यामागची पाठ चटईला टेकलीच पाहिजे. झपाट्यानं अर्धवट काढलेले वीस म्हणजे नीट काढलेले बाराच.

पुढं वाकण्याच्या चाचणीत झटका दिला तर धरू नका, दोन सेकंद थांबता आलं पाहिजे. बारा ते चौदा वयात पाय भराभर वाढतात, तेव्हा आकडा घसरतो. तेवढ्यावरून पोर आखडलंय म्हणू नका. ज्या खोक्यावर बोटं टेकवून अंतर मोजतात, त्याची शून्याची खूण कुठं आहे तेही वहीत टिपा, खोकं बदललं की जुना आकडा जुळत नाही.

या यादीत चपळाई नाही, याचं मला नवल वाटतं. खो-खोतली झटक्यात दिशा बदलणारी पोरगी इथं साधारणच दिसते. वेळ असेल तर 10 मीटरवर दोन रेषा आखून 4×10 घ्या: पलीकडचे दोन ठोकळे एकेक करून आणायचे, पहिला रेषेमागं ठेवायचा, फेकायचा नाही.

खानापूरकडं जून ते सप्टेंबर मैदान चिखलात, चिकोडी-अथणीकडं काळी माती ओली झाली की पाय घसरतो. म्हणून चाचणीची पहिली फेरी दसऱ्याच्या सुटीनंतर आणि दुसरी फेब्रुवारीत, दहावीच्या परीक्षेआधी. दोन्ही सकाळी, दुपारच्या जेवणाआधी. पहिल्यांदा अनवाणी पळालेलं पोर दुसऱ्यांदा बूट घालून पळालं, तर तेही नावासमोर लिहून ठेवा.