हात आवरायला शिकताना: आमची वाटचाल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं लेथचं शेड होतं. तेलइंजिनांचे सुटे भाग करायचो. आण्णांचा दंडक एकच: काम आलं कसंही असो, जाताना नवंकोरं दिसलं पाहिजे. तोच दंडक घेऊन मी अमेरिकेत आलो. २००९ साली कनेक्टिकटमध्ये, हार्टफर्डजवळ, दोन खोल्यांचं वर्कशॉप टाकलं आणि पहिला दणका त्याच दंडकानं दिला.

हार्टफर्ड म्हणजे कोल्ट या पिस्तुलं करणाऱ्या कंपनीचं गाव. जुन्या कारखान्याचा निळा, कांद्याच्या आकाराचा घुमट अजून हायवेवरून दिसतो. आसपास जुन्या पिस्तुलांचे संग्राहक भरपूर. त्यांच्या स्प्रिंगा, बुश, लाकडी पेट्या असली किरकोळ कामं करत असताना एक गृहस्थ दुसऱ्या महायुद्धापूर्वीचं ‘कन्व्हर्जन युनिट’ घेऊन आले. म्हणाले, जरा साफ करून द्या.

हे युनिट काय, तर कोल्टच्या ‘१९११’ मॉडेलच्या .४५ पिस्तुलाची वरची मागं-पुढं सरकणारी स्लाइड, नळी आणि स्प्रिंग काढून त्या जागी बसवायचा .२२चा संच (हे आकडे म्हणजे गोळीची जाडी, इंचात). खालचा सांगाडा तोच. सरावाला स्वस्त काडतूस वापरता यावं, एवढाच हेतू. आजही .४५चं काडतूस .२२च्या पाच-सहा पट पडतं, आणि १९३०च्या दशकात तर मंदी होती. कोल्टनं १९३१ साली ‘एस’ नावाचं .२२चं पिस्तूल काढलं होतं, पण एवढ्याशा काडतुसात ती जड स्लाइड मागं ढकलायचा जोर कुठला? ते अडखळायचं. तोड सापडली ती डेव्हिड मार्शल विल्यम्स या अमेरिकी बंदूक-कारागिराच्या सुट्या चेंबरमध्ये. काडतूस बसतं तेवढा तुकडा नळीपासून वेगळा केलेला. वायूचा दाब त्याच्या तोंडावर येतो, तो तुकडा मागं सरकतो आणि स्लाइडला धक्का देतो. हाताला हिसका जवळजवळ .४५चाच. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगत असताना तुरुंगाच्या वर्कशॉपात या माणसानं असल्या कल्पना रचल्या. आमच्या शेडमध्ये सगळी हत्यारं हाताशी असून आम्ही बुशच काढत बसलो! १९३७ साली नवं ‘एस’ आलं आणि १९३८पासून नुसता संच विकायला आला.

तर ते युनिट. स्लाइडवर दोन जागी तांबूस डाग होते, निळाई, म्हणजे पोलादावरचा गंजरोधक निळा-काळा थर, घासलेली. मी बफ मारला, कडा चकचकीत केल्या, नव्यानं ब्लूइंग केलं, म्हणजे तो थर पुन्हा चढवला. आरशासारखं झालं. गृहस्थांनी ते हातात घेतलं आणि खुर्चीतच बसले. अक्षरांच्या कडा बोथट झाल्या होत्या, मूळचा रंग गेला होता आणि त्याबरोबर निम्मी किंमतही. सहाशे डॉलर भरून दिले. त्या महिन्याचं भाडं बायकोच्या पगारातून गेलं.

मग वर्षभर मी नुसता बघत फिरलो. या धंद्यात पैसा पोलादाला नाही, न हललेपणाला आहे. युद्धानंतरचा चालू स्थितीतला संच पाच-सातशे डॉलरच्या घरात जातो. युद्धापूर्वीचा, मूळ पुठ्ठ्याच्या डब्यासह आणि आतल्या सूचनापत्रासह आला की आकडा सहज दुप्पट. त्यातला तो रिकामं काडतूस बाहेर फेकणारा चिमुकला इजेक्टर हरवलेला असला, की तेवढ्यावरच घासाघीस सुरू. सुटं चेंबर हे दुखणं तर कायमचं. शिसं आणि काजळी बसून ते जाम होतं. घाईनं ठोकलं की संपलं. आम्ही ते दोन-दोन दिवस तेलात भिजत ठेवतो.

टंचाईची गंमत बघायची तर इथून तासाभराच्या आत, शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्डचं शस्त्रागार-संग्रहालय आहे. पहिल्या महायुद्धात स्प्रिंगफील्ड रायफलीत बोल्टच्या (हातानं मागं-पुढं ओढायच्या खिट्टीच्या) जागी बसवायला असाच एक संच, पेडरसन यंत्र, केला होता; त्यानं रायफल छोटी काडतुसं आपोआप भरून झाडायची, मॅगझिन ४० काडतुसांचं. सुमारे ६५,००० बनली, लढाईत एकही वापरलं नाही, आणि पुढं सरकारनं बहुतेक जाळून टाकली. आता एखादं निघालं तर मोटारीच्या भावात जातं.

आज आम्ही तिघं आहोत. पेट्या करतो, संच पूर्ण आहे की जोडून-ताडून केलाय ते तपासून लेखी देतो, आणि बऱ्याचदा ‘हात लावू नका’ एवढंच सांगतो. त्याचेही चाळीस डॉलर. आण्णांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, “काही केलं नाहीस, मग पैसं कशाचं घेतलास?”

गेल्या दिवाळीत भाच्यानं हट्ट धरला, मामा, एक संच घेऊन या. इथं कायदा सांगाड्याला बंदूक मानतो, वरची स्लाइड टपालानंसुद्धा जाते. आपल्याकडं १९५९च्या शस्त्र कायद्यात सुटा भागही शस्त्रच. परवान्याशिवाय आणला की थेट पोलीस ठाणं. म्हणून फोटोच नेले. आण्णांनी चष्मा सारखा करून एकेक बघितला, १९३८च्या स्लाइडच्या फोटोवर बोट ठेवलं आणि विचारलं, “गंज तसाच ठेवलायस व्हय?”