छताला झोळ पडला की आधी बोर्ड उतरवा

गाडीच्या छताचं आतलं कापड लोंबायला सुरुवात बहुतेक वेळा मागच्या काचेजवळ होते. कापडाला वाटीएवढा फुगा येतो. पुढच्या मे महिन्यात तो फुगा मधल्या दिव्यापर्यंत सरकतो, आणि काचा उघड्या ठेवून गाडी धुळे-जळगाव रस्त्याला लागली की कापड डोक्यावर फडफडायला लागतं. मागची काच झाकली जाते, आरशात मागचा ट्रक दिसत नाही. मग कोणी टाचण्या लावतं, कोणी स्टेपलर मारतं, कोणी बोटानं फेव्हिकॉल भरून कापड वर दाबतं. यातलं काहीच टिकत नाही, कारण बिघाड कापडातही नसतो आणि गोंदातही नसतो. तो मधल्या फोममध्ये असतो.

छताचं हे अस्तर, म्हणजे रूफ लायनिंग, तीन थरांचं असतं. वर साच्यात दाबून घडवलेला तंतूंचा किंवा पुठ्ठ्यासारखा बोर्ड, मध्ये दोन-तीन मिलिमीटरचा पॉलियुरेथेन फोम आणि खाली आपल्याला दिसतं ते विणीचं कापड. फोम आणि कापड एकजीव होऊनच येतात. गोंद असतो तो फोम आणि बोर्ड यांच्यामध्ये. उष्णता आणि दमट हवा फोमला वर्षानुवर्षं खात राहते. एक दिवस तो मधोमध फाटतो: अर्धा बोर्डाला चिकटून राहतो, अर्धा कापडासोबत खाली येतो, आणि दोन्हीकडे नारिंगी-तपकिरी पीठ उरतं. वरून कितीही चांगला गोंद मारला तरी तो पिठालाच धरतो, आणि पीठ कशालाच धरून नसतं.

आपल्याकडे हे लवकर का होतं, ते उघड आहे. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. काचा बंद करून उन्हात उभ्या असलेल्या गाडीत हवा ६० च्या वर जाते, आणि टपाचा पत्रा त्याहून जास्त तापतो. त्या पत्र्याखालीच, फक्त बोर्डाच्या आड, हा फोम असतो. त्यावर जूनपासून ओल. म्हणून गाडी कमी चालली असली तरी अंगणात उघड्यावर उभी असेल तर तिचं छत आधी सुटतं.

आधी बोटानं तपासा. सुटलेल्या कडेतून बोट आत घालून फोमवर चोळा. बोटाला पीठ लागलं तर सगळं कापड बदलायचं, मग सुटलेला भाग वीतभरच का असेना. बोट कोरडं राहिलं, फोम स्पंजासारखा लवचीक लागला आणि फक्त रबर बीडिंगजवळची कड सुटली असेल, तर तेवढी कड चिकटवून भागतं. काही साध्या गाड्यांत फोम नसतोच, पातळ कापड थेट बोर्डावर दाबलेलं असतं. तिथेही कड चिकटवणं चालतं.

हे काम सीट कव्हर आणि कुशनवाल्यांचं. दुकानात पहिला प्रश्न एकच विचारायचा: ‘भाऊ, बोर्ड बाहेर काढणार का?’ ‘गरज नाही, गाडीतच करून देतो’ असं उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा. गाडीत झोपून जुना फोम पूर्ण साफ होत नाही, आणि जुन्या कापडावरच नवं कापड ओढून दिलं तर आठवड्यात दोन्ही मिळून लोंबतात. दुसरा मोह रेक्झिनच्या डायमंड शिलाईचा. दिसायला भारी, पण वजनाला जड. छतावर जड कापड म्हणजे गोंदावर रात्रंदिवस ओढ. शिवाय रेक्झिन बोर्डाच्या खोलगट भागात नीट बसत नाही. मूळ जातीचं, फोम लावलेलं विणीचं हलकं कापडच घ्या.

बोर्ड काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून दहा मिनिटं थांबायचं. ज्या गाडीत पडदा एअरबॅग (अपघातात बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी हवेची पिशवी) आहे, तिथे ती छताच्या कडेलाच गुंडाळलेली असते. तिला ओढायचं नाही, तिच्या तारा सोडायच्या नाहीत. मग सनव्हायजर, हँडल (स्क्रू बहुतेक प्लास्टिकच्या टोपणाखाली असतात), मधला दिवा, दारांचं रबर बीडिंग आणि काचांमधल्या खांबांवरची प्लास्टिकं काढायची. सीट बेल्टचा वरचा बोल्ट खांबाच्या प्लास्टिकला अडकत असेल तर तोही सोडावा लागतो. स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि प्रत्येक पिशवीवर जागा लिहा, कारण लांबी वेगळी असते आणि चुकीचा लांब स्क्रू आतल्या तारेत घुसतो. जुन्या गाडीतल्या प्लास्टिक क्लिपा उन्हानं कडक झालेल्या असतात, काढताना पाच-सहा तुटणारच. आधीच नव्या आणून ठेवलेल्या बऱ्या.

पुढच्या सीटा पूर्ण मागे पाडायच्या, हेडरेस्ट काढायचे आणि दोन माणसांनी बोर्ड बाहेर घ्यायचा. हॅचबॅकमध्ये डिकीतून, सेदानमध्ये पुढच्या डाव्या दारातून. इथे घाई केली की बोर्ड दुमडतो, आणि दुमडलेल्या बोर्डाची रेघ नव्या कापडातूनही दिसते.

आता खरं काम. कापड हातानं ओढून निघतं, पण बोर्डावर राहिलेला फोम घासून काढायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. नायलॉनचा ब्रश वापरायचा. तारेचा ब्रश बोर्डाचे तंतू उपटतो. काम उघड्यावर आणि तोंडाला मास्क लावूनच, ते पीठ फुप्फुसात जाणं वाईट. शेवटी ८० नंबरच्या पॉलिश पेपरचा हलका हात आणि ब्लोअर. मग स्वच्छ तळहात बोर्डावर जोरात फिरवून बघा. हाताला रंग लागला तर पुन्हा घासा. जी कामं दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा लोंबतात, त्यातली बहुतेक इथेच बिघडलेली असतात. म्हणून कारागिराला सांगून ठेवा की गोंद मारण्याआधी मला बोर्ड दाखव. तेवढ्यासाठी दुकानात पुन्हा जावं लागलं तरी जा.

व्हायजरच्या भोकांपाशी बोर्ड फाटलेला असेल तर मागून फायबरची जाळी आणि रेझिन लावून वाळवायचं. बोर्ड फुगलेला किंवा डागाळलेला असेल तर वरून पाणी येतंय. अँटेनाचं बूड, कॅरिअरचे बोल्ट, सनरूफच्या नळ्या आधी तपासा. गळती तशीच ठेवून केलेलं छत पहिल्याच पावसाळ्यात जातं.

छोट्या हॅचबॅकला दीड मीटर पन्ह्याचं दोन मीटर कापड पुरतं, तीन रांगांच्या गाडीला तीन ते साडेतीन. व्हायजरही त्याच कापडात करायचे तर अर्धा मीटर जास्त घ्या. नाहीतर नवं छत आणि जुने मळके व्हायजर एकमेकांशेजारी डोळ्यांना खुपतात.

गोंद सिंथेटिक रबरचा हवा, तोही उष्णता सहन करणारा. डब्यावर तसं लिहिलेलं असेल तरच घ्या. लाकडाचा पांढरा फेव्हिकॉल इथे चालत नाही, आणि कमी तापमानाचा साधा रबर गोंद बंद गाडीच्या उन्हात मऊ पडतो. हॅचबॅकला साधारण एक लिटर लागतो. ब्रशनं लावला तर फोम गोंद पिऊन कडक होतो आणि रेघा खालून दिसतात, म्हणून स्प्रे गननंच मारायचा. पातळ करायला त्याच गोंदाचा थिनर वापरा. पेट्रोल घालणारे आहेत, त्यांना थांबवा: गोंद कमजोर होतो आणि दुकानाला आगीचा धोका. बोर्ड गोंद पितो, त्यामुळे त्यावर दोन हात, फोमवर एक.

मग थांबायचं. बोट लावलं तर चिकट लागलं पाहिजे, पण गोंद बोटाला येता कामा नये. हिवाळ्यात याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. मे महिन्याच्या दुपारी चार-पाच मिनिटांतच वरची साय सुकते आणि आतला थिनर अडकून राहतो. असा बोर्ड बसवून गाडी उन्हात उभी केली की तोच थिनर वाफ होऊन फुगे काढतो. श्रावणात, खानदेशातल्या कानबाईच्या सणाच्या दिवसांत, उलटी अडचण: दमट हवेत सुकणाऱ्या गोंदावर बारीक ओल धरते आणि पकड येत नाही. दिवाळीनंतर होळीपर्यंतचे महिने या कामाला उत्तम. उन्हाळ्यातच करावं लागलं तर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी, सकाळी नऊच्या आत गोंद मारून घ्या. तसंही पुढे लग्नसराईत दुकानं गाड्यांनी भरलेली असतात, आणि घाईत हे काम कोणी नीट करत नाही.

कापड बोर्डावर सुलट पसरून अर्धं दुमडायचं, एका अर्ध्याला गोंद मारून बसवायचं, मग दुसरं. सुरुवात मधून, तळहातानं बाहेरच्या दिशेला. दिव्याचे, व्हायजरचे, हँडलचे जे खोलगट भाग आहेत, तिथे कापड आधी आत दाबायचं आणि मग कड गाठायची. कापड ताणून खड्ड्यावरून पूल टाकल्यासारखं बसवलं तर आज गुळगुळीत दिसतं, पण ताण त्याला रोज खाली ओढतो आणि महिन्याभरात नेमका तोच खड्डा सुटतो. कडा दोन-तीन सेंटिमीटर मागे वळवून चिकटवा. दिव्याची भोकं आत्ता कापू नका. बोर्ड सावलीत २४ तास सपाट ठेवा, मग भोकांवर लहान फुली कापून टोकं मागे वळवा.

परत बसवताना दिव्याची तार आधी जोडायची, मग बोर्ड वर. बेल्टचा बोल्ट टॉर्क रेंचनं (ठरावीक जोरानं कसायचा पाना), गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याइतका कसायचा. पडदा एअरबॅग असेल तिथे खांबाचं प्लास्टिक मूळ क्लिपांवरच बसलं पाहिजे. क्लिप तुटली म्हणून गोंद किंवा स्क्रू लावायचा नाही. एअरबॅग उघडताना तेच प्लास्टिक ठरल्यासारखं बाजूला व्हायला हवं.

अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांचं छत वेगळं. तिथे बोर्ड नसतो, कापडाला शिवलेल्या नेफ्यांतून तारेच्या कमानी जातात. लोंबलं तर नेफा उसवलाय किंवा कड सुटलीय. ते शिंपीकाम आहे, जुन्या कुशनवाल्याकडेच न्या.

पहिला आठवडा गाडी शक्यतो निंबाच्या सावलीत उभी करा आणि काचा बोटभर खाली ठेवा. आठव्या दिवशी दुपारी उन्हात तासभर उभी करून सगळ्या खोलगट जागांवर हात फिरवा. कुठे कापड बोर्डापासून सुटं लागलं तर त्याच दिवशी दुकानात दाखवा, कारण वीतभर सुटलेली जागा तेव्हा दुरुस्त होते, पुढच्या मे महिन्यात होत नाही.