तुम्ही विचारलंत म्हणून : डाव्या बाजूची जादा शीर

‘बाबांच्या टू-डी एकोत डावीकडे एक जादा शीर निघालीय. व्हॉल्व्हच्या ऑपरेशनमध्ये हृदयाला धोका नाही ना?’ मी परफ्युजनिस्ट, म्हणजे ऑपरेशनमध्ये हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन चालवते. अशा पेशंटचे नातेवाईक मला हेच विचारतात.

गर्भात डोक्या-हातांकडचं रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरा दोन्ही बाजूंना असतात. पुढे डावीकडची आटते. हजारात तीन ते पाच जणांत ती टिकते आणि बहुतेकदा कोरोनरी सायनसमध्ये, म्हणजे हृदयाच्या स्नायूंचं वापरलेलं रक्त गोळा करणाऱ्या शिरेत, उघडते. एरवी तिचा काही त्रास नसतो. कित्येकांना तर ती असल्याचा पत्ताही नसतो.

प्रश्न येतो हृदय थांबवताना. महाधमनीला क्लॅम्प लागला की हृदयाचा रक्तपुरवठा बंद. मग पोटॅशियमचं थंड द्रावण, कार्डिओप्लेजिया, देऊन त्याला निजवावं लागतं. ते महाधमनीच्या मुळातून देता येतं. पण एऑर्टिक व्हॉल्व्ह, म्हणजे महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप, गळका असेल तर बरंचसं डाव्या कप्प्यातच उतरतं. म्हणून पुष्कळदा कोरोनरी सायनसमध्ये फुग्याची नळी घालून उलट्या वाटेनं देतात. जादा शीर असली की सायनस ऐसपैस झालेला असतो, फुगा नीट बसत नाही आणि द्रावण स्नायूत न शिरता त्या शिरेतून मानेकडे पळतं. मी मिनिटाला २०० मिली सोडत असते, पंप सुरळीत फिरतो, सायनसचं प्रेशर मात्र चढतच नाही. मला सगळ्यात भीती प्रेशरच्या याच आकड्याची वाटते, कारण तेव्हा हृदय उपाशी असतं.

यावर उपाय आहेत. सर्जन महाधमनी उघडून दोन्ही कोरोनरींच्या, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या, तोंडातच द्रावण देतात. डाव्या-उजव्या शिरांना जोडणारी शीर चांगली रुंद असेल, तर डावी तेवढ्यापुरती आवळताही येते. ती नसेल तर आवळल्यावर डोक्याकडचं रक्त तुंबतं. तिथे वेगळी नळी घालून ते मशीनकडे घ्यावं लागतं.

हे सगळं आधी ठाऊक हवं. एकोत सायनस फुगलेला दिसला, की डाव्या हातातून बारीक बुडबुड्यांचं सलाइन देऊन पाहतात. बुडबुडे आधी सायनसमध्ये आणि मग उजव्या कप्प्यात आले, की शीर पक्की. ही तपासणी उजव्या हातातून करून भागत नाही, हे मी आग्रहानं सांगते. क्वचित ती शीर डाव्या कप्प्यात उघडते. तेव्हा डाव्या हाताच्या सलाइनमधली हवा मेंदूकडे जाऊ शकते, म्हणून तेही आधीच कळायला हवं.

तेव्हा बाबांचा रिपोर्ट पहिल्याच भेटीत सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना दाखवा, आणि जोडणारी शीर आहे का, हे नक्की विचारा.